दामाकाकांच्या नावाची एक रेघ

७ डिसेंबर १९९८, सोमवार

आणि वर गोमादादा मलाच विचारतो की तुला एवढं काय लागलं. दीड वर्ष तेच चाललंय. मी घरून निघून आलेलो म्हणून होडीवर माझ्या जागी खलाशी ठेवायला लागला, तर त्या खलाशाचा पगार मीच भरायचा. महिन्याला नऊशे. काल बूथवरून फोन केलेला तर म्हणतो, तू पंख्याखाली बसतोस आणि तुझ्या जागेवर परका माणूस जाळं ओढतो. मी म्हटलं, होडी बाबांची ना, मग माझा वाटा कुठाय? तर म्हणतो, जो होडीत चढेल त्याला वाटा, घरात नुसतं नाव आहे म्हणून कोण देत नाही. ठेवला मी फोन.

मीपण मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुराच्या जागेत दर महिन्याला लिहितो, 'खलाशाचा पगार'. पोस्टमन ते घरी आयला मोठ्याने वाचून दाखवतो. सगळ्या आळीला कळू दे.

ही डायरी आमच्या ऑफिसातल्या गुरुदत्त साहेबांनी दिलीय. जुनी आहे, कुठल्यातरी ड्रमवाल्याने फुकट वाटलेली. माझे आकडे त्यांना वाचता येत नाहीत. सात काढला तर ते एक वाचतात. म्हणाले, रोज एक पान लिही, काय वाटेल ते, मी बघणार नाही, पण अक्षर सुधार. छापलेली तारीख खोडून मी माझी टाकतो.

८ डिसेंबर

काम असं आहे. आमच्या रंगाच्या कंपनीत एक प्रोग्राम आहे. किती माल झाला, किती गेला, कोणाचं किती बाकी, सगळ्याचे रिपोर्ट त्यात निघतात. त्यात शिरायचे दरवाजे तीन. एक ऑफिसातल्या पीसीवर बसवलेला, त्याचं अक्षर पी. दुसरा मुंबईच्या ऑफिसातले लोक फोनच्या लाइनीवरून इंटरनेटसारखा उघडतात तो, डब्ल्यू. तिसरा गोडाऊनमधला हिरव्या अक्षरांचा जुना टर्मिनल, टी. प्रोग्रामवाले तिन्ही दरवाज्यांचे दर वर्षी वेगवेगळे पैसे घेतात. शेठ म्हणाले, तीन कशाला, दोन ठेवा, ज्याचा वापर कमी तो एप्रिलपासून बंद.

तर मशीन रोज कागद काढतं. कोण आत आलं, किती वाजता, आणि तिसऱ्या रकान्यात कुठल्या दरवाज्याने. मी तिसरा रकाना बघायचा आणि रेघा मारायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. बंदरावर टोपल्या मोजताना बाबा अशाच मारायचे. सातवी पास माणसाला हे जमतं. तीन महिने नीट केलं तर साहेब मला पर्मनंट करणार आहेत. अठराशेचे सव्वीसशे. मग दादाला सांगेन, दोन खलाशी ठेव.

१४ डिसेंबर

पहिला आठवडा. पी एकशे बारा. डब्ल्यू तीनशे आठ. टी सहा.

साहेब खूष झाले. म्हणाले, बघ, नवीन तेच लोकांना पाहिजे. मला स्वतःच्या डब्यातली अळूवडी दिली.

टी सहाच कसे, मी दोनदा मोजलं. बरोबर आहे. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, बाकी सहा दिवस, रोज एक. सगळ्यावर दामाकाकांचं नाव.

१५ डिसेंबर

दामाकाका म्हणजे दामाजी पाटील, गोडाऊनचे स्टोअरकीपर. बाळकुमचे कोळी. त्यांच्या लहानपणी खाडीत होडी होती, आता तिथे बिल्डिंगा चालल्यात आणि काका इकडे मानपाड्याला येऊन ड्रम मोजतात. आम्ही पण कोळी म्हणून मला गोडाऊनात मान आहे, म्हणजे शिव्या जास्त मिळतात.

टर्मिनलवर बसते मालू. शहाडहून येते, कॉन्ट्रॅक्टवर आहे. तिच्या डब्यात रोज जास्तीचं असतं. आज जवळ्याची चटणी आणि चार भाकऱ्या. मी म्हटलं, तुझी आई रोज अंदाज चुकते का? ती म्हणाली, "हो ना, चुकते. खा."

२४ डिसेंबर

पी एकशे वीस, डब्ल्यू तीनशे चाळीस, टी सहा. माझे सात आता सातासारखे दिसतात असं साहेब म्हणाले.

३ जानेवारी १९९९, रविवार

आज सकाळी लवकर गोडाऊनात गेलेलो, काकांकडे कागद द्यायला. म्हणून बघितलं.

काका आले, चप्पल बाहेर काढली, टर्मिनलवर फडका मारला, उदबत्ती ओवाळली. मालू खुर्चीच्या मागे हात बांधून उभी. काकांनी एका बोटाने स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आत गेले आणि मग मालूला म्हणाले, "बस गं बाय." त्यानंतर दिवसभर तेच उघडं. ट्रकवाला आला, मालू त्याचं चलन बघते. पॅकिंगवाले येतात, आमचा माल लागला का. लॅबवाला येतो. सिक्युरिटीवाला येतो. सगळं दामाकाकांच्या नावावर चालतं. संध्याकाळी काका म्हणतात, "वाढवा आता," तेव्हा मालू बाहेर पडते. बंद करा असं बोलायचं नाही, तिथे चालत नाही. दुकानात नाही का बोलत, तसंच.

मी विचारलं, दुपारी जेवायला जाताना पण उघडंच?

काका म्हणाले, "तुना काय वाटतं, पंखा हाय हा? लावला, बंद केला? धंदा उघरल्यावर मदी बंद नाय कराचा. एक येला कोनी बंद केला नि त्याच टायमाला ट्रक चुकीचे ड्रम घेऊन वापीला गेला. मना शेठनी उभा केला व्हता."

बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडे पण होडी पाण्यात लोटताना पहिला हात घरातल्या मोठ्याचाच लागतो.

११ जानेवारी

साहेबांनी माझ्या आकड्यांचा रंगीत तक्ता केला. पीचा खांब बरा, डब्ल्यूचा खांब वर छताला, टीचा खांब दिसतच नाही, खाली हिरवी रेघ फक्त. तक्त्यावर कोपऱ्यात बारीक लिहिलंय, मोजणी: मधु. आयला दाखवायला एक कॉपी मागून घेतली.

१४ जानेवारी, संक्रांत

मालूने तिळगूळ दिला. मी तक्ता दाखवला. तिने बराच वेळ बघितला.

"हे हिरवं आम्ही?"

"हो. टी म्हणजे गोडाऊन."

"मग पुढे काय?"

मी सांगितलं, एप्रिलपासून टी बंद होणार, शेठचे पैसे वाचणार. मला वाटलं तिला आवडेल, दिवसभर त्या हिरव्या अक्षरांनी तिचे डोळे दुखतात.

ती म्हणाली, "आणि मी कुठे बसणार?"

मी म्हटलं, तुला घेतील दुसरीकडे, कंपनी एवढी मोठी आहे.

"कोण घेतील? तू?"

आज डब्यात जास्तीचं नव्हतं. सण होता, घरातच संपलं असेल.

२० जानेवारी

साहेबांना विचारलं, टर्मिनल बंद झाल्यावर मालूला कुठे घेणार. ते म्हणाले, कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेरीलाच संपतंय, प्रश्नच नाही. मग म्हणाले, तू तुझ्या कामाकडे बघ, तुझं पत्र मी टाइप करून ठेवलंय.

म्हणजे तिला घेणार नाहीत.

साहेब वाईट माणूस नाहीत. डब्ल्यू त्यांनीच आणलाय, रात्रंदिवस त्याच्या मागे असतात. ते म्हणतात, पाच वर्षांत सगळं याच्यावरच चालेल, आपण आत्ता सुरू केलं नाही तर मागे पडू. खरंही असेल. मी साहेबांना सांगून बघितलं की टीवर नाव एकाचं असतं पण विचारणारे पुष्कळ असतात. ते म्हणाले, "मधु, मशीन जे लिहितं ते आपण मोजायचं. विचारणारे मोजायला लागलो तर चहावाल्यालाही मोजावं लागेल."

त्यांच्या नीट लक्षात आलं नसेल. घाईत होते.

२१ जानेवारी

झोप नाही आली. मोजायला मी बसलोय. सहा म्हणजे सहाच, मी एक पण खोटी रेघ मारलेली नाही. मग मला का गुन्हेगारासारखं वाटायचं?

२८ जानेवारी

काकांना जाऊन सांगितलं, प्रत्येक वेळी बाहेर पडा आणि परत आत या, म्हणजे रेघा वाढतील. काका चहा पीत होते. म्हणाले, "माजे हातानं उघरलेला दिवसभर उघराच राहील. तुजे रेघेसाठी मी धंदा बंद करू?" मी म्हटलं, नाहीतर कायमचाच बंद होईल. त्यांनी बशी पालथी घातली आणि ड्रमांकडे गेले.

मालू ऐकत होती. बाहेर येऊन तिने विचारलं, "नुसतं बाहेर पडून आत आलं की एक मोजतात?"

मी म्हटलं, हो, एक.

"पासवर्ड मला माहीत आहे काकांचा. काकूंचं नाव."

मी काही बोललो नाही. तरी मी हो म्हटल्यासारखंच झालं.

७ फेब्रुवारी

टी: सोमवारी एकोणीस, मंगळवारी बावीस, काल एकतीस. काका जेवायला गेले की ती करते. कागद बघताना हसायला येतं. दामाजी, दामाजी, दामाजी. माणूस बाहेर भाकरी खातोय आणि कागदावर आत-बाहेर पळतोय.

डब्यात आज सुक्या वाकट्यांचं कालवण होतं. तिच्या आईचा अंदाज परत चुकायला लागला.

९ फेब्रुवारी

पकडलं.

साहेबांनी कागद पुढे टाकला. "दामाकाका रोज एक ते दीडच्या मध्येच तीस वेळा येतात? बाकी दिवसभर एकदा? मला काय समजलास तू?"

हिशेब विभागाच्या सुमेधा मॅडम तिथेच बिलं घेऊन उभ्या होत्या. प्रोग्रामवाल्यांचं बिल त्यांच्याच सहीने जातं.

साहेब म्हणाले, "कोणी केलं? ती मुलगी ना? तिला आजच काढतो."

मी म्हटलं, मी केलं.

"तू कधी गेलास गोडाऊनात दुपारी?"

"जातो. जेवायला."

हे खोटं नाही, जातो. बोटं तिची असतील, पण बोललेलो मीच. साहेबांनी ड्रॉवर उघडला, माझं टाइप केलेलं पत्र काढलं आणि चार तुकडे करून टोपलीत टाकलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी तुझ्या शब्दावर शेठना तक्ता दाखवलाय रे."

मॅडम म्हणाल्या, "गुरुदत्त, एक मिनिट. मधु, तू असं का केलंस ते मला सांग बघू. सावकाश सांग."

सावकाश जमलं नाही. उदबत्तीपासून सुरू केलं आणि ट्रकवाल्यापर्यंत गेलो, मध्ये काकूंचं नाव पण सांगून टाकलं. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डब्ल्यूच्या रेघांमध्ये वेगवेगळी नावं किती आहेत?"

मी कधी बघितलंच नव्हतं. मला तिसरा रकाना सांगितलेला, पहिला कोणी सांगितलेला?

१० फेब्रुवारी

डब्ल्यूमध्ये नावं चार.

चारच माणसं. मुंबईची फोनलाइन दर दहा मिनिटांनी तुटते, की परत आत यायचं, की माझी एक रेघ. आठवड्याला तीनशे चाळीस रेघा मी मारल्या आणि माणसं चार. साहेबांना हे माहीत नव्हतं असं कसं होईल, लाइन तुटली की मुंबईवाले त्यांनाच फोन करून शिव्या देतात. पण माहीत असणं आणि लक्षात येणं वेगळं असेल. मला पण टीचं माहीत होतंच की.

११ फेब्रुवारी

सुमेधा मॅडम सकाळी साडेआठला गोडाऊनात. काका उदबत्ती लावत होते, त्यांच्या हातून ती पडायचीच बाकी होती. मॅडम म्हणाल्या, "तुमचं चालू द्या पाटील, मी नुसती बसणार आहे." स्टुलावर बसल्या, साडीवर रंगाची पूड उडत होती, तरी संध्याकाळी 'वाढवा' होईपर्यंत बसल्या. जो येऊन मालूला काही विचारेल त्याचं नाव लिहायचं. एक माणूस दोनदा आला तरी एकदाच.

दुपारी काका त्यांना म्हणाले, "बाय, जेवाला नाय का जावाचा?" त्या म्हणाल्या, "मध्येच बंद करायचं नसतं ना?" काका पहिल्यांदाच हसलेले बघितले.

सदतीस माणसं. एका दिवसात.

१६ फेब्रुवारी

शेठ मुंबईहून आलेले. आत साहेब, मॅडम आणि शेठ. मी बाहेर बाकावर, हाक येईल म्हणून. आली नाही.

निकाल असा. टर्मिनल आणखी एक वर्ष राहील. मालूचं कॉन्ट्रॅक्ट पण वर्षाने वाढलं. डब्ल्यू बंद, लाइन सुधारली की परत बघू. मुंबईला पूर्वीसारखे रिपोर्ट छापून टपालाने. आणि गोडाऊनात जो वापरेल त्याने स्वतःच्या नावाने आत यायचं, म्हणजे पुढच्या वेळी माणसं मोजता येतील.

साहेब बाहेर आले, माझ्यासमोर थांबले. "तीन वर्षं थांब. या डब्ल्यूच्याच दरवाज्याने सगळे येतील, तुझी ती मालू पण." मग म्हणाले, "अक्षर मात्र सुधारलं तुझं."

मला त्यांची दया आली. माझी स्वतःची पण आली. मोजणीचं काम गेलं, पर्मनंट गेलं. मॅडम म्हणाल्या, खोट्या रेघा त्या खोट्याच, तुला तिथे परत बसवता येणार नाही. काकांना हाताखाली माणूस पाहिजे, ड्रम उचलायला. पंधराशे.

१७ फेब्रुवारी

गोडाऊन. पंखा नाही.

२३ फेब्रुवारी

काकांनी एक अट घातलेली. सकाळी पहिला हात त्यांचाच, मग बाकीचे. मॅडम हो म्हणाल्या. आता ओळीने सगळे उभे राहतात, एकेक जण एका बोटाने स्वतःचं नाव टाकतो. पॅकिंगवाला बाळू पासवर्ड विसरला म्हणून शिव्या खातोय.

माझं नाव मालूने घातलं. पाच अक्षरं, एम ए डी एच यू. पासवर्ड तू ठेव म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मी काय ठेवायचा ते सुचेना. शेवटी काकांसारखाच ठेवला, म्हणजे तशाच प्रकारचा. ती विचारत होती काय ठेवलास, मी म्हटलं पासवर्ड सांगायचा नसतो. तिने माझ्या बोटांकडे बघितलेलं असणार. दिवसभर चलनावर आकडे चुकवत होती.

१ मार्च, होळी

घरी शिमग्याला होड्या सजवल्या असतील. गेलो नाही, रजा नाही. काकांनी घरी बोलावलं, बाळकुमला. काकूंच्या हातची पुरणपोळी खाल्ली. काका म्हणाले, "यांच्या नावावर सहा वर्सं गोडाऊन चाललाय," आणि काकूंना काय ते कळलं नाही.

७ मार्च, रविवार

बूथवरून शेजारच्या दुकानात फोन लावलेला. आय आली फोनवर. म्हणाली, खलाशी शिमग्याला त्याच्या गावी गेला तो आलाच नाही. दादा एकटाच जातो होडी घेऊन, जवळच्या जवळ. "दादा बोलतो, मदूला सांग या महिन्यात पैशे पाठवू नको. खलाशी नाय तर पगार कसला घ्यायचा."

मी म्हटलं, दादा आहे का तिथे?

"हाय. उभाय. बोलत नाय."

मी म्हटलं, त्याला सांग माझी पण नोकरी बदलली. आता मीपण उचलतो.

तिकडे काहीतरी बोलणं झालं. मग आय म्हणाली, "दादा विचारतो, पाठीला बांधायला पट्टा देतात का रे ते?"

मी हो सांगितलं. देत नाहीत.

८ मार्च, सोमवार

पगार झाला. पोस्टात गेलेलो. फॉर्मवर आयचं नाव घातलं, जनाबाई यांस. पत्ता घातला. खाली मजकुराच्या जागेत नेहमीचं लिहायला गेलो आणि थांबलो. खलाशी नाही तर खलाशाचा पगार कसा लिहिणार? मागे रांगेत लोक होते, काउंटरवाला म्हणाला, "काही लिहायचं नसेल तर सोड की मोकळं."

मी लिहिलं, 'मधु'.

एवढंच लिहिलं. पोस्टमन वाचेल मोठ्याने.

रुपये सातशे.